भाच्याच्या डोळ्यात कोट्स डिसीज : उपचार घेतलेल्यांचे अनुभव हवे आहेत

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

माझ्या भाच्याच्या उजव्या डोळ्याला कोट्स डिसीज (डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या झिरपण्याचा आजार) असल्याचं निदान झालं आहे. वय साडेचार. डावा डोळा उत्तम. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने डावा डोळा झाकला तेव्हा पोराला समोरचं चित्र ओळखता येईना, उलट तो त्यांचा हातच बाजूला सारायला लागला. तोवर घरात कुणालाही शंका आली नव्हती, कारण दोन्ही डोळे उघडे असले की हा पळतो, चेंडू झेलतो, आंब्यावर चढतो. सांगलीच्या डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, आत पाहिलं आणि त्याच दिवशी पुण्याची चिठ्ठी दिली.

पुण्यात भूल देऊन तपासणी झाली. डोळ्याची सोनोग्राफी झाली, शिरेतून डाय (रंगीत द्रव) देऊन पडद्याचे फोटो काढले. कागदावर 'स्टेज ३ए' असं लिहिलंय. पडद्याखाली पाणी आणि पिवळट चरबीसारखा थर साचलाय, पडद्याचा काही भाग उचलला गेलाय असं सांगितलं. लेसर, क्रायो (गोठवणं) आणि डोळ्यात इंजेक्शन असा बेत आहे, आणि एकदा करून भागणार नाही हेही आधीच सांगून टाकलंय.

घरात दोन तट पडलेत. ताई आणि दाजी तयार आहेत. दाजींचे वडील म्हणतात, एका डोळ्यावर पोराचं सगळं चाललंय, गेलेली नजर येणार नाही असं डॉक्टरच म्हणतात, मग एवढ्याशा जिवाला सारखी भूल कशाला? त्यांच्या बोलण्यात नातवाची माया आहे, म्हणून ताईला उलट बोलताही येत नाही. ज्यांनी हा उपचार घरच्या मुलाला दिलाय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा.

मेघमल्हार

वाचूनच काळजी वाटली. मला यातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद देतेय. बाळाला खूप आशीर्वाद.

पडद्यामागे

मी पडद्याचा डॉक्टर आहे, लहान मुलांचे डोळेही बघतो. कागद न पाहता सल्ला देणं बरोबर नाही, तो तुमच्याच डॉक्टरांचा. पण आजार समजून घेतलात तर घरातली चर्चा सोपी होईल.

जॉर्ज कोट्स हे स्कॉटिश नेत्रतज्ज्ञ. त्यांनी १९०८ मध्ये हा आजार वर्णन केला. दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या, बहुतेक वेळा कडेच्या भागातल्या, वेड्यावाकड्या फुगतात आणि झिरपू लागतात. रक्तातला पातळ भाग आणि मेद पडद्यात नि पडद्याखाली साचत जातात. पाणी वाढलं की पडदा उचलला जातो. हे साचलेलं पडद्याच्या मधोमध, म्हणजे ज्या जागेने आपण वाचतो तिथे पोचलं की नजर जाते. साधारण चारातले तीन रुग्ण मुलगे असतात, आणि शंभरातल्या पंच्याण्णवांना एकाच डोळ्यात होतो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही आणि दुसरा डोळा सगळं काम उचलतो. त्यामुळे तिरळेपणा दिसेपर्यंत किंवा फोटोत बाहुली पिवळी चमकेपर्यंत घरात कळत नाही. तुमच्या घरी कळलं नाही यात ताईंचा काडीचा दोष नाही, हे त्यांना नक्की सांगा.

उपचाराचं सूत्र एकच : झिरपणाऱ्या वाहिन्या बंद करायच्या. पडदा जागेवर आहे किंवा पाणी थोडं आहे तिथे लेसर. पाणी जास्त आहे तिथे लेसर नीट लागत नाही, मग डोळ्याच्या बाहेरून थंड टोकाने गोठवतात, तो क्रायो. क्रायोनंतर काही दिवस पाणी उलट वाढू शकतं, म्हणून एका बैठकीत फार मोठा भाग घेत नाहीत. बेव्हॅसिझुमॅबसारखं इंजेक्शन झिरपणं कमी करतं आणि लेसरला जागा करून देतं. पण मूळ आजार वाहिन्यांत आहे, नुसत्या इंजेक्शनवर तो जात नाही. आणि काही डोळ्यांत पुढे पडद्यावर तंतूंची ओढ तयार झालेली पाहिली आहे, म्हणून ते मोजून वापरायचं. स्टिरॉइडचं इंजेक्शनही देतात, त्यात मोतीबिंदू आणि डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका असतो. पडदा पूर्ण उचलला असेल तर शस्त्रक्रियेने खालचं पाणी काढून मग वाहिन्या बंद करतात.

वाहिन्या बंद झाल्या तरी साचलेला पिवळा थर विरायला कित्येक महिने लागतात. काही फरकच दिसत नाही असं म्हणत बरेच पालक या टप्प्यावर येणं थांबवतात. थांबू नका.

अनघा_ना

@कृष्णाकाठ, माझा मुलगा आता सहावीत आहे. त्याचं निदान बालवाडीत असताना झालं, '२बी' होतं, म्हणजे पिवळा थर मधोमध पोचलेला पण पडदा उचललेला नव्हता. आम्ही नाशिकहून मुंबईला जायचो.

सगळ्यात अवघड भाग मला कुठला वाटला तो सांगते, कारण हे डॉक्टर सांगत नाहीत. भुलेच्या आधी सहा तास खाणं बंद. पोराला पहाटे उठवून खायला घालता येत नाही आणि आठचा नंबर अकराला लागतो. बाकीची मुलं बाकावर बिस्किटं खात असतात. पहिल्या खेपेला तो इतका रडला की सिस्टरही कळवळल्या. मग आम्ही भुलेच्या डॉक्टरांनाच विचारलं, तेव्हा कळलं की साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पुढे विनंती करून पहिला नंबर घेत गेलो. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी पहिला नंबर देतात, पण मागून घ्यावा लागतो.

क्रायोनंतर पापणी टम्म सुजते. डोळा उघडत नाही, पट्टी काढल्यावर गुलाबी पाणी येतं. ताईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या घाबरतील. तीन-चार दिवसांत सूज उतरते. नुसतं लेसर झालं तर संध्याकाळी पोरगं खेळायला पळतं.

नजरेचं म्हणाल तर थर विरायला वर्षाच्या वर गेलं आणि मधोमध एक व्रण राहिला. त्या डोळ्याने तो मोठी अक्षरं वाचतो, बारीक नाही. पण कडेची नजर चांगली आहे, रस्ता ओलांडताना त्या बाजूची गाडी दिसते. मला हे फार मोठं वाटतं. मध्ये नेहमीच्या तपासणीत वरच्या कडेला एका नव्या जागी झिरपताना सापडलं, तेव्हा परत लेसर झालं. त्याला स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं.

आता पट्टीची गंमत. चांगला डोळा रोज ठरावीक तास झाकून आजारी डोळ्याला कामाला लावायचं असतं. हा पठ्ठ्या लावूच देईना. शेवटी त्याच्या आजोबांनी स्वतःच्या डोळ्यावर पट्टी लावली, मग आजीने, मग बाबांनी. एकदा गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तर दारात चौघं एकडोळे उभे. तो घाबरून विचारतो, "साथ आलीय का हो काकू?"

सह्याद्री६२

मला आजोबांचं म्हणणं पटतं, आणि हे मी विचार करून लिहितोय. माझे चुलते एका डोळ्यावर ऐंशी वर्षं जगले, शेती केली, ट्रॅक्टर चालवला. नजर परत येणार असेल तर सगळं करावं. पण डॉक्टरच येणार नाही म्हणत असतील तर पुण्याच्या खेपा, दाजींच्या रजा, भूल, कर्ज, हे कशासाठी? खेड्यातल्या माणसाची एक खेप म्हणजे काय असतं हे शहरातल्यांना कळत नाही.

पडद्यामागे

@सह्याद्री६२, प्रश्न अगदी रास्त आहे. खेपांचं ओझं मी रोज बघतो.

पण 'काही केलं नाही तर डोळा आहे तसा राहील' हे गृहीत धरू नका. तुमच्या चुलत्यांचा डोळा कशाने गेला मला माहीत नाही. कोट्समध्ये झिरपणं चालूच राहतं. अर्धवट उचललेला पडदा पूर्ण उचलला जातो, तो भिंगाच्या मागे येऊन टेकतो, डोळ्यातलं पाणी वाहून जायची वाट बंद होते आणि दाब चढतो. तो काचबिंदू असा दुखतो की पोरगं जेवत नाही, उलट्या करतं. तोवर नजर पूर्ण गेलेली असते आणि वेदना थांबवायला कधीकधी डोळा काढावा लागतो. काहींचा डोळा आक्रसून बारीक होत जातो.

फिलाडेल्फियाच्या विल्स आय हॉस्पिटलमधल्या शील्ड्स दांपत्याने २००१ मध्ये दीडशे रुग्णांचा अभ्यास छापला. ३ए, २बी हे टप्पे त्यातूनच आले, पहिला सगळ्यात सौम्य, पाचवा शेवटचा. नजर ६/६० (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून खराब राहिलेले डोळे दुसऱ्या टप्प्यात साधारण निम्मे, तिसऱ्यात तीन चतुर्थांशाच्या घरात, आणि चौथ्या-पाचव्यात सगळेच. म्हणजे भाच्याची वाचायची नजर येण्याची आशा कमी आहे, हे डॉक्टरांनी खरंच सांगितलंय. पण तिसऱ्यावरून चौथ्यावर जाऊ न देणं हाच इथे उपचाराचा हेतू आहे. डोळा स्वतःचा, न दुखणारा, चेहऱ्यावर नीट दिसणारा राहावा, कडेची थोडी नजर राहावी. आजोबांना 'नजर परत आणतोय' असं सांगू नका. 'पुढचं दुखणं टाळतोय' असं सांगा, ते खरं आहे.

हेही तितकंच खरं की चौथ्या-पाचव्या टप्प्यात आलेल्या, न दिसणाऱ्या आणि न दुखणाऱ्या डोळ्याला मी स्वतःही काही करू नका म्हणतो. ३ए तिथे नाही.

सह्याद्री६२

काचबिंदूचं मला ठाऊक नव्हतं. असं असेल तर माझं मत बदललं. खेपांचा खर्च कसा भागवायचा तेही कुणी लिहा.

वनराई

लेसरने पडदा जाळतात, जाळलेला भाग परत येत नाही. आधी नेत्रतर्पण (डोळ्यावर औषधी तूप साचवून ठेवणं) आणि त्रिफळा घृत तीन महिने करून बघा. माझ्या मावशीच्या डोळ्यांना फार गुण आला.

शालाक्य

@वनराई, मी आयुर्वेदात शालाक्य तंत्रातच (डोळे, कान, नाक, घशाच्या आजारांची शाखा) पदव्युत्तर आहे, म्हणून लिहिणं भाग आहे. डोळे कोरडे पडणं, थकवा, अशा तक्रारींत तर्पण मी स्वतः करतो. फुगलेल्या वाहिनीतून पडद्याखाली पाणी साचतंय तिथे तूप पोचतच नाही. माझ्याकडे असा मुलगा आला तर मी त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवेन. तीन महिने थांबायला सांगणं या मुलाच्या बाबतीत घातक आहे. लेसरने आजारी वाहिनीचा भाग भाजतो हे खरं, पण तो कडेचा भाग असतो आणि तिथलं नुकसान आजाराने आधीच केलेलं असतं.

वनराई

सद्भावनेनेच लिहिलं होतं. तुमच्या म्हणण्याला मान.

लंडनकर_काकू

फोटोत बाहुली चमकण्याबद्दल : इथे बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी डोळ्यात उजेड टाकून आतला लाल प्रकाश परत येतो का हे बघतात. दोन मिनिटांचं काम. आपल्याकडे प्रसूतीनंतर हे होतं का?

दुसरं म्हणजे, माझ्या पुतणीच्या एका फोटोत तिचा एक डोळा पांढरा दिसतो, मांजराच्या डोळ्यासारखा. हा धागा वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

पडद्यामागे

काही चांगल्या रुग्णालयांत बघतात, सगळीकडे नाही. व्हायला हवं.

पुतणीबद्दल : मूल कॅमेऱ्याकडे सरळ न बघता थोडं नाकाच्या दिशेने बघत असेल तर फ्लॅशचा उजेड डोळ्यातल्या नसेच्या पांढऱ्या चकतीवरून परत येतो आणि निरोगी डोळाही पांढरा दिसतो. पण असा फोटो घरी बसून निरोगी ठरवायचा नसतो. याच आठवड्यात थेंब घालून तपासून घ्या. कोट्समध्ये चमक बहुधा पिवळसर असते, रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगात पांढरी. नुसत्या रंगावर मात्र कुणीही निदान करू नये. कोट्सच्या प्रत्येक मुलात आम्ही पहिल्यांदा हा कर्करोग नाही ना, तेच बघतो. सोनोग्राफी त्यासाठीच. कर्करोगाच्या गाठीत चुन्याचे (कॅल्शियमचे) कण दिसतात, कोट्समध्ये सहसा नसतात. शंका राहिली तर एमआरआय. कर्करोगाची शंका असेल तोवर डोळ्यात सुई घालत नाहीत, पेशी बाहेर पसरण्याचा धोका असतो.

स्वरा_आई

यात भर. माझ्या मुलीला रेटिनोब्लास्टोमा होता. एका डॉक्टरांनी कोट्स समजून दोन महिने नुसतं थांबायला सांगितलं होतं. नाव घेत नाही. दुसरं मत घेतलं आणि पुढे टाटामध्ये उपचार झाले, ती आज ठणठणीत आहे, एक डोळा कृत्रिम आहे. म्हणून @कृष्णाकाठ, सोनोग्राफीच्या कागदावर 'गाठ नाही, चुना नाही' असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. लिहिलं नसेल तर विचारा. असं विचारलं म्हणून कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. @स्वरा_आई, कागद काढून पाहिला, दोन्ही स्पष्ट लिहिलंय. तुमच्या लेकीला खूप शुभेच्छा.

एक राहिलं. ताईला धाकटी मुलगी आहे, आठ महिन्यांची. तिला हे होईल का?

पडद्यामागे

कोट्स सहसा घराण्यातून येत नाही. भावंडांना धोका जवळजवळ नसल्यातच जमा. पण याच्यासारखाच दिसणारा आणि खरोखर घराण्यात चालणारा एक आजार आहे, एफईव्हीआर. त्यात कडेपर्यंत रक्तवाहिन्या पोचतच नाहीत आणि बहुधा दोन्ही डोळे बाधित असतात. म्हणून भाच्याचा डावा डोळाही डाय देऊन कडेपर्यंत पाहिला होता का ते विचारा. तो स्वच्छ असेल तर निश्चिंत राहा. धाकटीची एकदा तपासणी करून घेतलीत तर ताईंना झोप लागेल, तेवढ्यासाठीही करावी.

जुळ्यांची_आई

थोडं अवांतर, पण मुलांच्या पडद्याचाच विषय आहे म्हणून. माझी जुळी आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच झाली. कमी दिवसांच्या बाळांच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते, पुढे ती वेडीवाकडी झाली की त्याला आरओपी म्हणतात. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासायचेच असतात. आमच्या एकाला लेसर झालं, आज दोघंही चष्मा लावून मराठी शाळेत पहिल्या बाकावर. काचेच्या पेटीतून बाळ घरी आल्याच्या आनंदात ही तारीख विसरते, म्हणून लिहिलं.

फाईलवाला

@सह्याद्री६२, खर्चाबद्दल. मी रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करतो.

मूल अंगणवाडीतल्या तपासणीत सापडलंय, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची नोंद आहे. ती चिठ्ठी जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या त्यांच्या केंद्रात दाखवा, पुढचा उपचार त्यातून होतो का ते तिथे कळेल. महात्मा फुले योजनेत त्या रुग्णालयात नेमकी कुठली प्रक्रिया बसते ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा, काउंटरवर नको. शिवाय धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढा, भरती झाल्यावर पळापळ होते.

अपंगत्वाच्या दाखल्याचं बरेच जण विचारतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर ३० टक्के मिळतात. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. हा नियम मला अन्यायाचा वाटतो, पण आज तो तसा आहे.

गल्ली_क्रिकेट

भाच्याला क्रिकेट आवडत असेल तर त्याला टायगर पतौडींची गोष्ट सांगा. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची नजर गेली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीत पहिली कसोटी खेळले. पुढच्या वर्षी एकविसाव्या वर्षी कप्तान. सहा शतकं. बॉल येताना दोन दिसायचे म्हणे, तरी!

अनघा_ना

आमच्याकडे ही गोष्ट पाठ आहे :) पण एक विनंती. 'पतौडी एका डोळ्याने खेळले' याच्या जोडीला 'दुसरा डोळा सांभाळायचा' हेही सांगा. माझा मुलगा बॅट हातात घेण्याआधी चष्मा घालतो, त्याला नंबर नसतानाही. विटी-दांडू, फटाके, धनुष्यबाण घरात बंद. रंगपंचमीला फुगे बंद, साधं पाणी चालतं.

कृष्णाकाठ

अपडेट देतो, उशीर झाला.

@पडद्यामागे यांचा काचबिंदूचा प्रतिसाद मी आजोबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "दुखणं टाळायचंय म्हणता, मग मी येतो सोबत." आणि आले. पहिली बैठक झाली : इंजेक्शन, खालच्या कडेला क्रायो, बाकी लेसर. पहिला नंबर मागून घेतला होता. पापणी सुजली, पण ताईला आधीच माहीत होतं. उठल्यावर त्याने पहिल्यांदा वडापाव मागितला, मिळाली पेज. त्यावरून आजोबांशी कडाक्याचं भांडण झालं.

डावा डोळा कडेपर्यंत स्वच्छ आहे. धाकटीचेही दोन्ही डोळे छान. खालचं पाणी थोडं कमी झालंय असं पुढच्या तपासणीत दिसलं, पण आणखी बैठका लागतील. नजरेबद्दल डॉक्टर काही कबूल करत नाहीत, आम्हीही आता विचारत नाही.

@अनघा_ना, चष्मा कुठल्या काचेचा घेतलात? इथल्या दुकानदाराने साधी प्लास्टिकची काच दाखवली आणि हीच फुटत नाही म्हणाला.

अनघा_ना

ती नको. 'पॉलिकार्बोनेट' असंच सांगा आणि बिलावर तसं लिहून घ्या. शून्य नंबरची मिळते. फ्रेम मुलांच्या खेळाची घ्या, मागे पट्टा असलेली, डोळ्याच्या कडेलाही आड येणारी. सांगलीत नाही मिळाली तर पुढच्या खेपेला पुण्यात रुग्णालयाच्या आवारातल्या चष्म्याच्या दुकानात विचारा, तिथे लहान मापं असतात. दोन घ्या, एक शाळेच्या दप्तरात.

विदर्भकन्या

आजच हा धागा सापडला. आमच्या मुलीला, वय नऊ, २ए सांगितलंय. मुलींना होतच नाही असं एक डॉक्टर म्हणाले, म्हणून घोळ झालाय. नागपुरात लेसरची तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली आहे. हैदराबादचं दुसरं मत येईपर्यंत ती पुढे ढकलू का?

पडद्यामागे

मुलींना कमी होतं, पण होतं. २ए म्हणजे थर अजून मधोमध पोचलेला नाही, नजर वाचवायची हीच वेळ. तारीख सोडू नका. डायचे फोटो पेनड्राइव्हवर मागून आजच हैदराबादला पाठवा, फोटोंवरूनही बरंच कळतं. आठवड्यात उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी लेसर करून घ्या.